पीडीएफमध्ये भरता येणारे रकाने: कोडने फॉर्म बनवताना

कोडने पीडीएफ फॉर्म भरण्याचं माझं पहिलं काम ठीक पार पडलं असं मला वाटलं होतं. चाळीसेक अर्ज, प्रत्येकात नाव आणि पत्ता आधीच भरलेला. माझ्या संगणकावर सगळं नीट दिसत होतं. फाइली गेल्या, आणि तासाभरात पहिला निरोप आला: ‘अर्ज कोरे आहेत.’ मग दुसरा निरोप त्याहून कोड्यात टाकणारा: ‘रकान्यावर क्लिक केलं की नाव दिसतं, बाहेर क्लिक केलं की गायब होतं.’

हे कोडं सुटलं तेव्हा मला पीडीएफ फॉर्म खऱ्या अर्थाने कळला. पीडीएफमधला रकाना म्हणजे एकाच वेळी दोन गोष्टी असतात: आत साठवलेली माहिती आणि त्या माहितीचं पानावर काढलेलं चित्र. या दोन्ही गोष्टी फाइलमध्ये वेगवेगळ्या ठिकाणी असतात. माझ्या कोडने माहिती बदलली होती, चित्र बदललं नव्हतं. माझा व्ह्यूअर, म्हणजे पीडीएफ दाखवणारं सॉफ्टवेअर, फाइल उघडताना चित्र स्वतः नव्याने काढत होता, समोरच्याचा फाइलमधलं जुनं, रिकामं चित्र दाखवत होता. क्लिक केल्यावर मात्र त्यालाही खरी माहिती घ्यावी लागत होती, म्हणून नाव तेवढ्यापुरतं उमटत होतं. नवशिक्याला येणाऱ्या बहुतेक अडचणी या एका फटीतून येतात, त्यामुळे पुढचं सगळं वाचताना ही जोडी डोक्यात ठेवा.

आत काय असतं

पीडीएफमध्ये फॉर्मची सोय १९९६ मध्ये, आवृत्ती १.२ पासून आली. तिला ॲक्रोफॉर्म म्हणतात. २००३ मध्ये आवृत्ती १.५ सोबत एक्सएफए नावाचा दुसरा प्रकार आला, पण तो सगळीकडे चालला नाही आणि पीडीएफ २.० च्या मानकाने तो कालबाह्य ठरवला. नवीन काम ॲक्रोफॉर्ममध्येच करा. जुनी फाइल हातात आली आणि तिच्यात एक्सएफए निघालं, तर खाली सांगितलेल्या पद्धती तिला जशाच्या तशा लागू होणार नाहीत.

ॲक्रोफॉर्ममध्ये फील्डचे, म्हणजे रकान्यांचे, मूळ प्रकार चारच आहेत: मजकूर, बटण, निवड आणि सही. चेकबॉक्स, रेडिओ बटण आणि दाबायचं बटण हे तिन्ही ‘बटण’ या एकाच प्रकारात मोडतात. ड्रॉपडाउन आणि यादी हे दोन्ही ‘निवड’मध्ये. कुठला नेमका कुठला, हे फ्लॅग ठरवतात. फ्लॅग म्हणजे एका आकड्यातले चालू-बंद बिट.

प्रत्येक फील्डला पानावर दिसण्यासाठी एक विजेट लागतं. विजेट म्हणजे पानावरची चौकट: तिची जागा, कडा, रंग आणि चित्र. फील्डची नोंद संपूर्ण दस्तऐवजाच्या फॉर्म-यादीत असते आणि विजेटची नोंद त्या पानाच्या यादीत. दोन्हीकडे नोंद हवी. फक्त पानावर नोंद झाली तर चौकट दिसते पण फॉर्म तिला ओळखत नाही, आणि कोडने फील्डची यादी मागितली की ती त्यात सापडत नाही. चांगली लायब्ररी वापरली तर हे काम ती करते. एका फाइलमधली पानं उचलून दुसऱ्या फाइलमध्ये टाकताना मात्र हा दुवा हमखास तुटतो, कारण पानं जातात आणि फॉर्म-यादी मागे राहते.

साधन कोणतं घ्यावं

पायथॉन येत असेल आणि फॉर्म कोऱ्या पानापासून बनवायचा असेल तर रिपोर्टलॅब घ्या. तयार पीडीएफवर रकाने चढवायचे असतील आणि जावास्क्रिप्ट चालत असेल तर पीडीएफ-लिब सोयीची आहे. भरून आलेले फॉर्म वाचायला पायथॉनमध्ये पायपीडीएफ पुरते. जावावाल्यांसाठी पीडीएफबॉक्स आहे. आयटेक्स्टही समर्थ आहे, पण ती एजीपीएल या खुल्या स्रोताच्या परवान्याखाली किंवा विकत घेतलेल्या परवान्यावर वापरावी लागते. तुमचा प्रकल्प खुला नसेल तर परवाना आधी वाचा, कोड नंतर लिहा.

या लेखात मी एक छोटा नोंदणी अर्ज धरून चालतो: नाव, जन्मतारीख, शिकवणीची वेळ, माध्यम, शेरा आणि संमतीची खूण. फंक्शनची नावं इथे देवनागरीत आहेत, कोडमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत टाईप करायची.

पहिली पायरी: नावं ठरवा

कोड उघडण्याआधी कागदावर रकान्यांची यादी करा आणि प्रत्येकाला एक आतलं नाव द्या. हे नाव भरणाऱ्याला दिसत नाही, पण पुढे माहिती वाचताना तुमच्या हाती तेवढंच असतं. ‘टेक्स्ट१’, ‘टेक्स्ट२’ अशी नावं ठेवलीत तर सहा महिन्यांनी त्यातलं जन्मतारखेचं कुठलं हे शोधत बसाल.

दोन नियम पक्के लक्षात ठेवा. नावात टिंबाला खास अर्थ आहे: ‘अर्जदार.नाव’ लिहिलं की ‘अर्जदार’ हे वडील-फील्ड आणि ‘नाव’ हे त्याचं मूल असा अर्थ होतो. मुद्दाम वापरलं तर ही सोय छान आहे, नकळत वापरलं तर गोंधळ. दुसरा नियम: पूर्ण नाव एकच असेल तर फील्डही एकच. अर्जदाराचं नाव प्रत्येक पानाच्या डोक्यावर हवं असेल तर एकच फील्ड बनवून त्याला प्रत्येक पानावर वेगळं विजेट द्यायचं. पहिल्या पानावर नाव लिहिलं की सगळीकडे उमटतं. उलट, दोन वेगळ्या माणसांच्या सहीखालच्या तारखेला चुकून एकच नाव दिलं, तर एकाने तारीख भरताच दुसऱ्याचीही भरली जाते.

दुसरी पायरी: जागा मोजा

पीडीएफचं माप पॉइंटमध्ये असतं. ७२ पॉइंट म्हणजे एक इंच, एक मिलिमीटर म्हणजे साधारण २.८३ पॉइंट. ए-फोर पान ५९५ बाय ८४२ पॉइंट. आणि शून्य पानाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात आहे, वरच्या नाही. वेब पानांची सवय असलेल्याचा पहिला फॉर्म यामुळेच उलटा येतो.

एक रकाना हाताने मोजून पाहू. ‘नाव’ हे लेबल पानाच्या वरच्या कडेपासून ६० मिलिमीटरवर हवं आहे. ६० गुणिले २.८३ म्हणजे सुमारे १७०. ८४२ मधून १७० वजा केले की उरतात ६७२. लेबलचा मजकूर ६७२ वर काढायचा. आता शेजारची चौकट २० पॉइंट उंच आहे आणि तिला आपण जो वाय देतो तो तिच्या खालच्या कडेचा असतो. तिलाही ६७२ च दिला तर चौकट लेबलच्या वर चढून बसते. ११ पॉइंटचं अक्षर २० पॉइंटच्या चौकटीत मध्यावर बसलं की त्याची तळरेषा (अक्षरं जिच्यावर बसतात ती) चौकटीच्या तळापासून सुमारे ६ पॉइंट वर येते. म्हणून चौकटीचा वाय ६६६. आता लेबल आणि भरलेलं नाव एका ओळीत वाचता येतात. ही ६ पॉइंटची वजाबाकी एका छोट्या फंक्शनमध्ये टाकून ठेवा आणि सगळ्या रकान्यांना तेच वापरा.

काही लायब्रऱ्या, उदाहरणार्थ पायम्यूपीडीएफ, शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात धरतात. लायब्ररी बदलली की आधी एकच चौकट काढून ती कुठे पडते ते बघा.

तिसरी पायरी: मजकुराचा रकाना

रिपोर्टलॅबमध्ये आधी कॅनव्हास बनवायचा: फाइलचं नाव आणि पानाचा आकार द्यायचा. मग ड्रॉस्ट्रिंगने लेबल काढायचं. त्यानंतर कॅनव्हासच्या ॲक्रोफॉर्म या भागातलं टेक्स्टफील्ड हे फंक्शन बोलवायचं. त्याला नाव, टूलटिप (कर्सर रकान्यावर नेला की दिसणारी छोटी सूचना), एक्स, वाय, रुंदी, उंची आणि फॉन्टचा आकार द्यायचा. शेवटी सेव्ह. इतकं झालं की फाइल उघडून नाव टाईप करता येतं. ॲक्रोफॉर्म लिहिताना मधला ‘एफ’ मोठ्या लिपीत असतो, तिथे पहिली चूक होते.

या फंक्शनमध्ये काही गोष्टी न सांगता ठरलेल्या असतात. कमाल लांबी १०० अक्षरं धरलेली असते. शेऱ्याच्या रकान्यात कोणी मनापासून लिहायला घेतलं आणि शंभराव्या अक्षराला टायपिंग थांबलं, तर त्याला कारण कळत नाही, फॉर्म बिघडला असंच वाटतं. शेऱ्यासाठी ही मर्यादा स्वतः वाढवा आणि फील्डफ्लॅग्जमध्ये मल्टिलाइन लिहा. अनेक फ्लॅग हवे असतील तर मधे जागा सोडून एकाच ओळीत लिहायचे.

जन्मतारखेसाठी एकेका अंकाचे चौकोन हवे असतील तर त्यासाठी कोंब (इंग्रजीत कंगवा) नावाचा फ्लॅग आहे. कमाल लांबी आठ दिली की रुंदीचे आठ समान भाग होतात आणि प्रत्येक अंक आपल्या घरात बसतो. हा फ्लॅग कमाल लांबीशिवाय चालत नाही, आणि बहुओळी किंवा पासवर्डच्या रकान्यासोबतही चालत नाही.

फॉन्टचा आकार शून्य दिला तर पीडीएफच्या नियमाप्रमाणे व्ह्यूअर मजकूर मावेल असा आकार स्वतः ठरवतो. लांब पत्त्यासाठी ही सोय चांगली वाटते, पण मग शेजारच्या दोन रकान्यांत दोन वेगळ्या आकारांची अक्षरं दिसतात. मी ठरावीक आकार देतो आणि चौकटच मोठी करतो.

आणखी एक बिट फार मोलाचा आहे. विजेटवर छपाईचा वेगळा फ्लॅग असतो, त्याची किंमत ४. तो नसेल तर रकाना पडद्यावर दिसतो पण कागदावर येत नाही. रिपोर्टलॅब तो आपणहून लावते. विजेट स्वतःच्या हाताने, खालच्या पातळीवर बांधत असाल तर तुम्हाला लावावा लागतो. भरलेला फॉर्म प्रिंटरमधून कोरा निघाला तर सर्वांत आधी इथे बघा.

चौथी पायरी: चेकबॉक्स आणि रेडिओ

नवशिक्याचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, म्हणून थोडं सावकाश.

चेकबॉक्सची व्हॅल्यू ‘खरं’ किंवा ‘खोटं’ नसते. ती एक नाव असते. बंद स्थितीचं नाव ठरलेलं आहे: ‘ऑफ’. चालू स्थितीचं नाव फॉर्म बनवणारा ठरवतो. कुठे ते ‘येस’ असतं, कुठे ‘ऑन’, कुठे नुसतं ‘१’. विजेटच्या आत प्रत्येक स्थितीचं एक चित्र साठवलेलं असतं: ‘येस’चं चित्र म्हणजे खूण, ‘ऑफ’चं चित्र म्हणजे रिकामी चौकट. आणि सध्या कुठलं चित्र दाखवायचं याची एक वेगळी नोंद असते.

म्हणजे कोडने खूण करताना दोन गोष्टी जुळायला हव्यात: फील्डची व्हॅल्यू आणि विजेटची चित्र-नोंद. व्हॅल्यू ‘येस’ केली आणि चित्र-नोंद ‘ऑफ’ राहिली, तर माहिती सांगते संमती आहे आणि पान सांगतं संमती नाही. कागदावर छापून फाइलला लावला जाणारा अर्ज असेल तर ही किरकोळ चूक नव्हे. तसंच, फॉर्ममध्ये ‘ऑन’ असताना तुम्ही ‘येस’ लिहिलं, तर त्या नावाचं चित्रच सापडत नाही आणि चौकट रिकामी राहते. म्हणून दुसऱ्याने बनवलेल्या फॉर्मवर काम करताना आधी प्रत्येक चेकबॉक्सच्या स्थितींची नावं छापून घ्या, अंदाज करू नका.

स्वतः बनवताना रिपोर्टलॅबचं चेकबॉक्स फंक्शन नाव, जागा, आकार आणि सुरुवातीला खूण असावी की नाही एवढं घेतं. संमतीच्या चौकटीत सुरुवातीला खूण ठेवू नका. संमती भरणाऱ्याने स्वतः द्यायची असते.

रेडिओ बटणांचा गट म्हणजे एक फील्ड आणि त्याची अनेक विजेटं. ‘सकाळ’, ‘दुपार’, ‘संध्याकाळ’ या तिन्हींना नाव एकच द्यायचं, ‘वेळ’, आणि व्हॅल्यू वेगवेगळी. नाव वेगळं दिलंत तर ते तीन स्वतंत्र गट होतात आणि तिन्हींवर एकाच वेळी ठिपका देता येतो. व्हॅल्यू एकच दिलीत तर वेगळाच घोळ: एकावर क्लिक करताच तिन्ही भरलेले दिसू शकतात, आणि माहिती वाचताना कुठला निवडला ते कळत नाही.

ड्रॉपडाउन त्या मानाने सोपा. चॉइस फंक्शनला पर्यायांची यादी आणि सुरुवातीची निवड द्या. प्रत्येक पर्यायाला दाखवायचा मजकूर आणि साठवायची व्हॅल्यू वेगळी ठेवता येते, ती सोय जरूर वापरा. पर्याय दोन-तीनच असतील तर ड्रॉपडाउनऐवजी रेडिओ बरे, कारण छापलेल्या कागदावर ड्रॉपडाउनचे बाकीचे पर्याय दिसत नाहीत.

तयार पीडीएफवर रकाने चढवताना

पुष्कळदा अर्जाची रचना आधीच तयार असते आणि तिच्यावर फक्त रकाने हवे असतात. पीडीएफ-लिबमध्ये फाइल लोड करायची, गेटफॉर्मने फॉर्म मिळवायचा, क्रिएटटेक्स्टफील्डने नाव देऊन फील्ड बनवायचं आणि ॲडटूपेजने पान, एक्स, वाय, रुंदी, उंची देऊन ते पानावर ठेवायचं. तेच फील्ड दुसऱ्या पानावर पुन्हा ठेवलं की वर सांगितलेली एक फील्ड-अनेक विजेटं ही रचना मिळते. त्या नावाचं फील्ड आधीच असेल तर पीडीएफ-लिब त्रुटी देते, आणि ते चांगलंच आहे.

जागा शोधायची माझी पद्धत साधी आहे: आधी कोडने त्या पानावर दर ५० पॉइंटांना फिकट रेघा आणि आकडे काढून एक कच्ची प्रत बनवतो, ती बघून सगळ्या चौकटींचे आकडे लिहून घेतो, मग रेघा काढणारा भाग बंद करतो. अंदाजाने आकडे बदलत दहा वेळा फाइल उघडण्यापेक्षा हे फार लवकर होतं.

रेघा भलत्याच दिशेला आल्या तर पान फिरवलेलं आहे. स्कॅन केलेल्या पानांत हे नेहमी सापडतं: पान मुळात आडवं साठवलेलं असतं आणि ‘९० अंश फिरवून दाखवा’ अशी नोंद असते. आपले आकडे मात्र न फिरवलेल्या पानावर मोजले जातात. क्वचित पानाचा कोपराही शून्य-शून्य नसतो, म्हणून पानाची चौकट आधी वाचून घ्यावी.

देवनागरी भरायची असेल तर

इथे माहिती आणि चित्र यांतला फरक पुन्हा समोर येतो. पीडीएफमध्ये फील्डची व्हॅल्यू युनिकोडमध्ये साठवता येते, त्यामुळे ‘ज्ञानेश्वरी’ हा शब्द माहिती म्हणून सुखरूप राहतो. प्रश्न चित्राचा आहे. हेल्वेटिका, टाइम्स, कुरियर वगैरे जे १४ मानक फॉन्ट पीडीएफ गृहीत धरतं, त्यांत देवनागरी अक्षरंच नाहीत. रिपोर्टलॅबचे फॉर्म-रकाने याच मानक फॉन्टवर चालतात. पीडीएफ-लिब मानक फॉन्टमध्ये देवनागरी लिहायला गेलात तर ‘हे अक्षर बसत नाही’ अशी त्रुटी देऊन थांबते.

पीडीएफ-लिबमध्ये यावर उपाय आहे: फॉन्टकिट ही फॉन्ट हाताळणारी जोड-लायब्ररी नोंदवा, देवनागरी फॉन्टची फाइल दस्तऐवजात एम्बेड करा, आणि सेव्ह करण्याआधी तो फॉन्ट देऊन रकान्यांची चित्रं नव्याने काढून घ्या. तरीही निकाल डोळ्यांनी तपासा. ‘क्षेत्र’, ‘कर्तव्य’, ‘वाङ्मय’, ‘हृदय’ असे शब्द भरून बघा: जोडाक्षरं तुटली, रफार सरकला किंवा पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली तर लगेच दिसतं. ‘किती’ हा साधा शब्दही चांगली परीक्षा घेतो.

बंधनं आणि वावर

‘आवश्यक’ हा फ्लॅग लावला की रिकामा रकाना कोणी सोडूच शकणार नाही, असं वाटतं. तसं नाही. हा फ्लॅग फॉर्म बटणाने सादर होताना विचारात घेतला जातो. माणसाने फाइल नुसती सेव्ह करून ईमेलने पाठवली तर तो कोणालाच अडवत नाही. पीडीएफमध्ये जावास्क्रिप्ट घालून तारीख तपासता येते, पण सगळे व्ह्यूअर ती चालवत नाहीत, मोबाइलवरचे तर विशेष करून. त्यामुळे फॉर्ममधली तपासणी ही भरणाऱ्याला मदत म्हणून ठेवा आणि खरी तपासणी माहिती तुमच्याकडे आल्यावर तुमच्या कोडमध्ये करा.

टूलटिप मात्र कधीच सोडू नका. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या व्यक्तीला चौकटीशेजारी छापलेलं लेबल त्या चौकटीचं आहे हे कळत नाही. तिला ऐकू येतो तो टूलटिपचा मजकूर. तो नसेल तर ‘टेक्स्ट१’ असलं आतलं नाव कानावर पडतं. ‘जन्मतारीख, दिवस-महिना-वर्ष’ एवढं लिहायला दहा सेकंद लागतात, आणि त्यावर एखाद्याचा अर्ज स्वतःच्या हाताने भरला जाणं अवलंबून असतं.

टॅब दाबल्यावर कर्सर कुठे जातो तेही बघा. वेगळा क्रम सांगितला नसेल तर बहुतेक व्ह्यूअर रकाने ज्या क्रमाने पानावर नोंदवले त्याच क्रमाने जातात. म्हणून कोडमध्ये रकाने वाचनाच्या क्रमानेच बनवा. विसरलेला रकाना शेवटी जोडलात तर टॅब पानाच्या तळाकडून एकदम वर उडी मारतो.

भरलेला फॉर्म परत आल्यावर

पायपीडीएफमध्ये रीडरने फाइल उघडून गेट-फील्ड्स बोलवलं की प्रत्येक नावासोबत त्या फील्डची नोंद मिळते, आणि व्हॅल्यू त्या नोंदीत असते. पहिल्या पायरीत नीट नावं दिली असतील तर नावं आणि व्हॅल्यू तशाच तक्त्यात टाकता येतात. काहीच मिळालं नाही तर फाइल प्रिंट-टू-पीडीएफ होऊन आली असण्याची शक्यता मोठी: रकाने जाऊन फक्त चित्र उरलं आहे.

कोडने भरून पाठवायचं असेल तर चित्र नव्याने काढण्याची जबाबदारी घ्या. फॉर्मवर ‘चित्रं नव्याने काढावीत’ अशी व्ह्यूअरला सांगणारी एक नोंद करता येते, पण ती विनंती आहे, सगळे ती पाळत नाहीत. माझे ते चाळीस अर्ज या विनंतीवरच विसंबून होते. आता मी लायब्ररीकडूनच चित्रं काढून घेतो. आणि समोरच्याने पुढे काही बदलायचं नसेल तर फ्लॅटन करतो, म्हणजे रकान्यांची चित्रं कायमची पानात मिसळून रकाने काढून टाकतो. फ्लॅटन केलेल्या फाइलमधून माहिती फील्ड म्हणून परत वाचता येत नाही, म्हणून मूळ प्रत वेगळी जपून ठेवा. सहीचा रकाना असेल तर सगळं भरणं सहीच्या आधी उरका: डिजिटल सही झाल्यावर फाइल फ्लॅटन केली की ती सही वैध राहत नाही.

पाठवण्याआधी फॉर्म निदान तीन ठिकाणी उघडा: संगणकावरचा पूर्ण व्ह्यूअर, ब्राउझर आणि मोबाइल. प्रत्येकात सगळे रकाने भरा, सेव्ह करा, बंद करा, पुन्हा उघडा. मग एक प्रत कागदावर छापा, तीच फाइल कोडने वाचा, आणि छापलेला कागद व वाचलेली यादी शेजारी ठेवून एकेक रकाना बोट ठेवून जुळवा.